डिस्टिलरीच्या कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल: प्रकल्पाची आखणी

मळी आंबताना फर्मेंटरमधून, म्हणजे आंबवण्याच्या टाकीतून, जो वायू उफाळतो तो जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइड असतो. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात तो १२ ते १५ टक्केच असतो आणि वेगळा काढायला बरीच वाफ जाते. डिस्टिलरीत तो खर्च वाचतो, म्हणून सुरुवात इथून करणे शहाणपणाचे.

या वायूचा हायड्रोजनशी संयोग करून मिथेनॉल बनते, म्हणून आधी हायड्रोजनचा हिशोब मांडा. ४४ किलो कार्बन डायऑक्साइडला ६ किलो हायड्रोजन लागतो; त्यातून ३२ किलो मिथेनॉल आणि १८ किलो पाणी मिळते. हजार लिटर अल्कोहोलमागे सुमारे ७५० किलो वायू निघतो, पण फर्मेंटर भरताना त्यात हवा मिसळते आणि तो भाग सोडून द्यावा लागतो. दिवसाला ३० टन वायू हाती आला, तर हायड्रोजन ४ टनांहून थोडा जास्त लागेल आणि मिथेनॉल फार तर २१-२२ टन होईल. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारा इलेक्ट्रोलायझर हायड्रोजनच्या किलोमागे ५० ते ५५ युनिट वीज खातो. म्हणजे चोवीस तास सुमारे ९ मेगावॉट. साखर कारखान्याची सहवीज, म्हणजे उसाचे चिपाड जाळून केलेली वीज, मुख्यतः गाळप हंगामातली. उरलेले महिने वीज कुठून आणि कोणत्या दराने येणार, हे पक्के झाल्याशिवाय रिअ‍ॅक्टरची, म्हणजे मिथेनॉल बनवणाऱ्या पात्राची, ऑर्डर देऊ नका. आइसलँडमधल्या स्वार्टसेंगीचा असाच मिथेनॉल प्रकल्प २०१२ मध्ये सुरू झाला आणि पुढे वर्षाला ४,००० टनांपर्यंत वाढवला गेला, तो भूगर्भातल्या उष्णतेवर चालणाऱ्या वीजकेंद्राला लागूनच.

सफाईत कंजुषी नको. फेस अडवणारी टाकी, मग अल्कोहोल धुऊन काढणारा पाण्याचा स्क्रबर, त्यानंतर सक्रिय कोळसा, आणि हायड्रोजन सल्फाइडसाठी झिंक ऑक्साइडचा थर. शेवटी गंधक दशलक्षात ०.१ भागाच्या खाली हवे. मळीतून गंधक येतेच, आणि ते अभिक्रिया वेगाने घडवणाऱ्या उत्प्रेरकातल्या तांब्याला घट्ट चिकटून उत्प्रेरक मारते. क्लोरीनचेही तसेच.

उत्प्रेरक तांबे, झिंक ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिना यांचा. तो येतो तेव्हा त्यातले तांबे ऑक्साइडच्या रूपात असते. नायट्रोजनमध्ये १ टक्का हायड्रोजन सोडून, तापमान अगदी हळू चढवत त्याचे क्षपण करा, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून शुद्ध तांबे उरवा. बाहेर पडणारा हायड्रोजन आत जाणाऱ्याइतका होईपर्यंत प्रमाण वाढवू नका. घाई केली तर थर एकदम तापतो, तांब्याचे बारीक कण एकमेकांत वितळून जातात आणि गेलेली ताकद परत येत नाही. क्षपणानंतर त्याला हवा लागू देऊ नका. तो आपोआप पेट घेऊ शकतो.

नेहमीचे काम ५० ते ८० बार आणि २२० ते २६० अंश सेल्सिअसला चालते. हायड्रोजन-कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ३:१. एका फेरीत साधारण पाचवा हिस्साच बदलतो, म्हणून वायू ४० अंशांपर्यंत थंड करून द्रव काढून घ्यायचा आणि उरलेला वायू पुन्हा फिरवायचा. काढलेल्या द्रवात वजनाने सुमारे ६४ टक्के मिथेनॉल असते, बाकी पाणी. ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफेने मिथेनॉल वेगळे काढणे, टळत नाही. अभिक्रियेची उष्णता नळ्यांभोवतीच्या पाण्यात घ्या, तीच वाफ इथे कामी येते.

उत्पादन घटले की आधी फिरत्या वायूतला, हवेबरोबर आलेला नायट्रोजन मोजा. तो साचला असेल तर थोडा वायू बाहेर सोडा. जास्त सोडलात तर महागडा हायड्रोजन वाया जातो. नायट्रोजन ठीक असेल, तर थरातली तापमाने पाहा. सर्वांत गरम जागा हळूहळू खाली सरकत असेल तर वरचा थर विषारला आहे, म्हणजे सफाईत गळती आहे. सगळाच थर मंदावला असेल तर तो कधीतरी जास्त तापलेला आहे.

एका गोष्टीत मात्र तडजोड नाही. मिथेनॉल आणि पिण्याचे अल्कोहोल रंगावासावरून वेगळे ओळखता येत नाहीत. टाक्या, पंप, नळ्या, टँकर भरण्याची जागा आणि कुलुपे पूर्ण वेगळी ठेवा. एकही सामाईक व्हॉल्व्ह नको. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून जास्त माणसे दगावली.