बांधकामाच्या साइटवरील सुरक्षितता निरीक्षणातून कशी मोजावी

अपघातांच्या नोंदवहीवरून साइटची सुरक्षितता ठरवणे धोक्याचे आहे, कारण वर्षभर एकही अपघात न झालेल्या इमारतीतही लिफ्टचा डक्ट (मजल्यांमधून जाणारी उभी पोकळी) उघडाच असू शकतो. त्याऐवजी आज डोळ्यांना दिसणारी स्थिती मोजावी. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात यासाठी टीआर ही पद्धत विकसित झाली. वडोदऱ्यात भायली किंवा गोत्रीकडे उभ्या राहणाऱ्या इमारतींवरही ती एका कागदावर वापरता येते.

कागदावर कामाची पद्धत, परांची व शिड्या, यंत्रे, पडण्यापासून संरक्षण, वीज व उजेड आणि नीटनेटकेपणा असे सहा विभाग करून प्रत्येकापुढे ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे दोन रकाने आखावेत. तळघरापासून गच्चीपर्यंत फिरताना दिसलेल्या प्रत्येक कामगारासाठी, शिडीसाठी, यंत्रासाठी एकेक रेघ मारावी. जे बरोबर आहे तेही मोजणे आवश्यक आहे. नुसत्या चुकांच्या यादीतून साइट सुधारते आहे की बिघडते आहे हे कळत नाही. १२० बरोबर आणि ३० चूक असतील, तर एकूण १५० पैकी १२० म्हणजे निर्देशांक ८० टक्के.

‘बरोबर’ कशाला म्हणायचे, हे फेरीआधी लिहून ठेवावे. शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर असावा, वरचे टोक मजल्यापेक्षा सुमारे १ मीटर वर जावे आणि ते बांधलेले असावे. यांपैकी एक गोष्ट जरी नसली तरी रेघ ‘चूक’मध्येच जाईल. मिक्सरच्या पट्ट्यावर जाळी नसणे किंवा प्लगविना उघड्या वायरी सॉकेटमध्ये खोचलेल्या असणे, यालाही हाच नियम लागू होतो.

सर्वाधिक वेळ स्लॅबच्या कडा, जिना आणि डक्ट यांना द्यावा, कारण तिथली चूक थेट जिवावर बेतते. डक्टवर नुसती टाकलेली प्लायची फळी मी नेहमी ‘चूक’ धरतो: सेंटरिंगसाठी (स्लॅबच्या साच्यासाठी) कोणीतरी ती उचलतो आणि खालच्या पोकळीची त्याला कल्पनाच नसते. फळी ठोकलेली असावी, किंवा भोवती पक्का कठडा असावा. निर्देशांक ९५ आला तरी असा एक डक्ट सापडताच तिथले काम थांबवून तो आधी बंद करावा. सरासरीच्या आड तो लपू देऊ नये.

फेरी दर आठवड्याला, शक्यतो एकाच व्यक्तीने करावी आणि वेळ आधी जाहीर करू नये. नोंदीवरून कोणाची मजुरी कापू नये, नाहीतर लोक धोके दाखवण्याऐवजी झाकू लागतात. आकडा मुकादमाला आणि कामगारांना हिंदी-गुजरातीत समजावून सांगावा. होळीला दाहोदकडे गेलेल्या टोळ्या परतल्यावर, किंवा नवी टोळी कामाला लागल्यावर, आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी फेरी करावी.