मूल नववीत जातंय? इंदूरच्या घरांत हमखास होणाऱ्या या चुका टाळा

मार्च सरत आला की सुदामा नगरातल्या आमच्या घरी फोन सुरू होतात. "ताई, आठवी झाली. आता कोचिंग कुठलं लावू?" मी गणित शिकवते, नववी-दहावीची मुलं संध्याकाळी घरी येतात, म्हणून लोक मलाच विचारतात. पण कोचिंगच्या आधी पाहायच्या गोष्टी वेगळ्या असतात आणि बहुतेक घरांत त्याच राहून जातात. नववीत मुलं अडखळतात ती डोकं कमी म्हणून नव्हे. मागचं काहीतरी कच्चं राहिलेलं असतं, नाहीतर मोठ्यांनी एखादी साधी गोष्ट वेळेवर पाहिलेली नसते.

नावाचं स्पेलिंग न पाहता फॉर्म जाऊ देणं

हा घोळ आपल्या मराठी घरांत जास्त होतो. आपली पद्धत म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. इथल्या शाळांत मात्र बहुतेक ठिकाणी नुसतं नाव आणि आडनाव. मग जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये तिसरंच नाव. त्यात हिंदी टायपिंगमध्ये ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि काळ्यांचे काले होऊन बसतात. आठवीपर्यंत यानं काही अडत नाही. नववीत अडतं, कारण सीबीएसईचं रजिस्ट्रेशन नववीत होतं आणि एमपी बोर्डाचं नामांकन, म्हणजे नावनोंदणीही नववीतच. तिथे मुलाचं नाव, जन्मतारीख आणि आई-वडिलांची नावं जशी जातात तशीच दहावीच्या मार्कशीटवर येतात. पुढे कॉलेजपासून पासपोर्टपर्यंत तीच मार्कशीट काढून दाखवायची असते.

माझ्या मुलीच्या वेळी शाळेनं रजिस्ट्रेशनची छापील प्रत सहीसाठी तिच्या हातात दिली. ती वर्गातच सही करून मोकळी झाली, मी ती प्रत पाहिलीच नाही. त्यात माझं नाव माहेरच्या आडनावानं गेलं होतं, ते कळलं दहावीच्या निकालानंतर. मग प्रतिज्ञापत्र, शाळेचं पत्र, जुन्या रजिस्टरची नक्कल, पुन्हा अर्ज. आठ महिने गेले. दहा मिनिटं बसून वाचलं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

म्हणून जन्मदाखला, आधार कार्ड, समग्र आयडीचा (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाचा) कागद आणि टी.सी. एका रांगेत टेबलावर मांडा आणि एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. चूक जिथे असेल तिथे ती एप्रिलमध्येच दुरुस्तीला द्या. शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही तर अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभरचा ओळख क्रमांकसुद्धा अडकतो. आणि मुलाला बजावून ठेवा की रजिस्ट्रेशनची प्रत आली की सही करण्याआधी घरी दाखवायची. शाळा ती घरी नेऊ देत नसेल तर तुम्ही शाळेत जाऊन वाचा.

एप्रिल सुट्टीसारखा घालवणं

महाराष्ट्रातल्या आपल्या नातेवाइकांचं शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, आपलं १ एप्रिलला. पुण्याला मावसभावाची मुंज, नाशिकला आत्याकडे लग्न, आणि आपण म्हणतो, आत्ताच तर शाळा सुरू झाली आहे, काय शिकवणार आहेत! शिकवतात. नववीच्या गणिताचा आणि विज्ञानाचा पाया त्याच तीन-चार आठवड्यांत घातला जातो, आणि जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा उघडते तेव्हा शिक्षक तिथून पुढे जातात. मुंजीला जरूर जा, दोन दिवसांत परत या. जास्त दिवस लागणारच असतील तर वर्गातल्या एखाद्या मुलाकडून वहीचे फोटो रोजच्या रोज मागवा, परत आल्यावर एकदम नको.

आठवीचे मार्क पाहून निर्धास्त होणं

गेल्या वर्षी एक मुलगी आली. आठवीत गणितात ९१. मी तिला एकच ओळ लिहून दिली: ७ − (३क्ष − ५). तिनं क्षणात लिहिलं, २ − ३क्ष. उत्तर १२ − ३क्ष आहे. कंसाबाहेरचा वजा तिनं पहिल्या पदाला लावला आणि दुसऱ्याला लावायचा विसरली. मी तिला विचारलं, तुझ्याकडे १०० रुपये आहेत, पोहे-जिलबीचे ३० झाले आणि दुकानदारानं ५ सोडले, तर किती उरले? "पंचाहत्तर," ती म्हणाली. मग वहीतल्या रीतीनं ६५ का येतात? ती दोन मिनिटं वहीकडे बघत राहिली आणि मग स्वतःच पेनानं वजाचा अधिक केला. ही चूक सातवीपासून तिच्या हातात होती. परीक्षेत नमुन्याचे प्रश्न येत, ती पाठ केलेल्या रीतीनं सोडवत असे, म्हणून मार्क मिळत गेले. नववीत बहुपदी आल्यावर दर उदाहरणात ही चूक पुढे उभी राहिली असती.

विज्ञानाचंही तसंच. ताशी ७२ किलोमीटरनं जाणारी गाडी १० सेकंदांत थांबली तर त्वरण किती? निम्मी मुलं ७२ ला १० नं भागून ७.२ लिहितात. किलोमीटर-तासाचं मीटर-सेकंद केलं की ७२ चे २० होतात, आणि उत्तर येतं उणे २. पालक म्हणतात, फिजिक्स जमत नाही. फिजिक्सपर्यंत मूल पोचलेलंच नाही, ते एकक बदलण्यात अडकलं आहे.

मे महिन्यात रोज वीस मिनिटं पुरतात. कंसाआधीचा वजा, वेगळ्या छेदांचे अपूर्णांक, गुणोत्तर-शेकडेवारी आणि एककं बदलणं, एवढंच घ्या. रोज दहा उदाहरणं, उत्तर बरोबर आलं तरी "कसं केलंस?" हे विचारायचं. नववीचं पुस्तक आधीच संपवून टाकायच्या मागे लागू नका. अर्धवट कळलेला धडा वर्गात दुसऱ्यांदा आला की मुलाचं लक्ष उडतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

इंग्रजी सुधारावं म्हणून घरचं मराठी बंद करणं

आपल्या मुलांची घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी. नववीच्या विज्ञानात इंग्रजी शब्दांचा लोंढा येतो, मग काही आई-वडील घरी इंग्रजीच बोलायचं ठरवतात. असं करू नका, ही माझी मनापासूनची विनंती आहे. स्पीड म्हणजे चाल, व्हेलॉसिटी म्हणजे दिशा धरून सांगितलेला वेग. राजवाड्याहून निघालेली रिक्षा फिरून राजवाड्यालाच आली तर अंतर पुष्कळ झालं, विस्थापन शून्य. हे मुलाला आईच्या भाषेत चटकन कळतं आणि कळलेलं इंग्रजीत लिहायला फार वेळ लागत नाही. हिंदी माध्यमातून इंग्रजीत येणाऱ्या मुलांनी वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखावेत, एकात ओळखीचा शब्द, दुसऱ्यात नवा. परिमेय संख्या, रॅशनल नंबर. पहिल्या दोन महिन्यांतच मुलांना त्याचा आधार वाटू लागतो.

सीबीएसईत नववीत घेतलेली दुसरी भाषा दहावीतही तीच चालते. तेव्हा हिंदी की संस्कृत हे मैत्रिणीनं काय घेतलं यावरून ठरवू नये. बोर्डाच्या यादीत मराठीही आहे, पण शाळेत शिकवणारं कुणी हवं.

घाईनं दोन-तीन वर्षांच्या फाउंडेशन कोचिंगची फी भरून टाकणं

गीता भवन किंवा भंवरकुआँच्या चौकात, कोचिंगच्या पाट्यांमध्ये उभं राहिलं की वाटतं, सगळं इंदूर पुढे निघालं आणि आपलंच मूल मागे राहिलं. त्या घाबरण्यातूनच चेक फाटतो. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं म्हटलं आहे, आणि मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी असंही. फी भरण्यापूर्वी परताव्याचा नियम लेखी मागा. देत नसतील तर उठून या. शाळेत नुसतं नाव ठेवून कोचिंगलाच जाण्याची सोय कुणी सुचवली तर ती मुळीच घेऊ नका. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते.

एखाद्या विषयात खरोखर अडत असेल तर सहा महिने एका विषयाची शिकवणी लावा. सगळ्या विषयांची लावली तर स्वतः बसून विचार करायला मुलाकडे वेळच उरत नाही. झोपही जाते, आणि या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. सकाळी पावणेसातला बस असेल तर दहाच्या आत दिवा बंद व्हायलाच हवा.

जुनी पुस्तकं आणि वह्या

खजुरी बाजारातून, दादाकडून किंवा शेजारच्या ताईकडून जुनी पुस्तकं आणायची चाल चांगली आहे, पण सध्या जपून. एनसीईआरटीनं सहावीची पुस्तकं २०२४ मध्ये बदलली, सातवी-आठवीची २०२५ मध्ये. नववीचं पुस्तक घेताना शाळेची यादी हातात असू द्या. आणि वह्या पूर्ण ठेवा. सीबीएसईत १०० पैकी २० मार्क अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, त्यातले ५ पोर्टफोलिओचे, म्हणजे वर्गातलं काम जपून ठेवल्याचे.

फी आणि शिष्यवृत्ती उशिरा विचारणं

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) जागेवर खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलांची फी आठवीपर्यंतच माफ असते. नववीची फी एकदम समोर आली की घर हादरतं. जानेवारीतच शाळेला विचारा, नाहीतर सरकारी शाळेत जागा पाहून ठेवा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीत असलेल्या मुलाला एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायला लावा. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात.

"कोचिंग जवळच आहे, अ‍ॅक्टिव्हा घेऊन जा"

नको. चौदा वर्षांच्या मुलाला लायसन्स मिळतच नाही. अपघात झाला किंवा मूल पकडलं गेलं तर २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद पालकाला आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. सायकल द्या.

पहिलीच टेस्ट बिघडली तर

जुलैत हे अनेक घरांत होतं. ४० पैकी १४ येतात आणि त्याच रात्री मोबाइल काढून घेतला जातो. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी शांतपणे पेपर घेऊन बसा आणि गेलेला प्रत्येक मार्क तीन ढिगांत टाका: येत नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. पेन मुलाच्याच हातात राहू द्या. दुसरा ढीग मोठा असेल तर शिकवणी नको, रोज एक पान हळू आणि तपासून लिहायचा सराव हवा. तिसरा मोठा असेल तर घड्याळ लावून जुने प्रश्न. पहिला मोठा असेल तर शाळेतल्या विषयशिक्षकांना भेटा आणि नेमका कुठला धडा ते विचारा.

आणि शाळेच्या दिवशी रोज सकाळी पोट दुखत असेल, रविवारी दुखत नसेल, तर डॉक्टरांना दाखवाच, पण बसमध्ये शेजारी कोण बसतं, डबा कुणाबरोबर खातो, हेही विचारा. समोर बसवून नको. संध्याकाळी भाजी निवडताना किंवा स्कूटरवर मागे बसलेला असताना मुलं खरं सांगतात.