मॉडेल रेल्वेवर कारखाने हलवायचेत? आधी डबा, मग इमारत

लेआउटवरच्या (मॉडेल रेल्वेच्या मांडणीवरच्या) कारखान्यांची जागा बदलायची म्हटली की बहुतेक जण इमारती उचलतात, दुसरीकडे ठेवतात, दोन पावलं मागे सरून बघतात आणि बरं दिसलं की चिकटवून टाकतात. ही पद्धत साफ चुकीची आहे. रेल्वेच्या लेखी कारखाना म्हणजे रुळाची ती जागा, जिथे डबा उभा करून माल चढवतात किंवा उतरवतात. ती जागा आधी ठरवा. इमारत मागाहून येते आणि जागा कमी असेल तर नुसती पुढची भिंतही पुरते.

खालची सगळी मापं एचओ स्केलची आहेत, म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मि.मी. गेज (दोन रुळांमधलं अंतर). उदाहरण अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या, १९५० च्या दशकातल्या एका छोट्या गावाचं घेतलं आहे: धान्याचा एलिव्हेटर (धान्य साठवून नळीने डब्यात ओतणारी उंच कोठी), कोळशाची वखार, तेलाचा डेपो, फर्निचरचा कारखाना आणि मालधक्का. भारतीय गाड्या चालवत असाल तर मापं तुमच्या डब्यांची घ्या, पद्धत हीच राहील.

साइडिंगवर किती डबे बसतात?

साइडिंग म्हणजे मुख्य रुळापासून फुटून कारखान्यापाशी जाणारा रूळ. ४० फुटी बॉक्सकार (बंद मालडबा) कपलरसकट, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यांसकट, साधारण १५० ते १५५ मि.मी. भरते आणि ५० फुटी १८५ ते १९०. साइडिंगची लांबी पॉइंटपासून (रूळ जिथे फुटतो तिथून) मोजू नका, फाउलिंग मार्कपासून मोजा, म्हणजे डबा जिथवर उभा केला तरी शेजारच्या गाडीला लागत नाही त्या खुणेपासून. शेजारच्या रुळावर तुमची सर्वांत रुंद गाडी उभी करा, साइडिंगवरचा डबा पॉइंटच्या दिशेने हळूहळू ढकला आणि दोघांत ३ मि.मी. फट उरली की स्लीपरवर खूण करा. त्या खुणेपासून बफरपर्यंतचीच (रुळाच्या टोकाच्या अडथळ्यापर्यंतचीच) लांबी तुमच्या कामाची. कागदावर चार डब्यांची वाटणारी साइडिंग इथे बऱ्याचदा तीन डब्यांची निघते.

मग शंटिंगची, म्हणजे इंजिनाने डबे मागेपुढे करायची, लांबी बघा. तीन ४० फुटी डबे आणि जीपी-९ सारखं चार चाकजोड्यांचं डिझेल इंजिन मिळून साधारण ६६० मि.मी. होतात. पॉइंटच्या अलीकडे तेवढा मोकळा रूळ नसेल तर त्या साइडिंगचं काम दोन खेपांत करावं लागेल. साइडिंग उलट्या दिशेने फुटत असेल, म्हणजे डबा इंजिनाच्या पुढे ठेवून आत ढकलावा लागत असेल, तर इंजिनाला वळसा घालून डब्यामागे जायला रनअराउंड लूप (दोन्ही टोकांना जोडलेला शेजारचा रूळ) हवा. तो नसेल तर तिथे कितीही देखणा कारखाना उभारलात तरी त्याला डबा मिळणार नाही.

कोणत्या रुळावर कोणता धंदा

इथे सर्वांत जास्त चुका एलिव्हेटरच्या बाबतीत होतात. गोदामाला तीन दारं असतील तर तीन डब्यांची साइडिंग पुरते, कारण प्रत्येक डबा आपल्या दारापाशी उभा राहतो. एलिव्हेटरची नळी मात्र एकच आणि ती जागची हलत नाही, डबे तिच्याखाली एकेक करून सरकवावे लागतात. म्हणून तीन डबे भरायचे असतील तर नळीच्या एका बाजूला दोन रिकाम्या डब्यांची जागा हवी, दुसऱ्या बाजूला दोन भरलेल्यांची, आणि एक डबा नळीखाली. एकूण पाच डब्यांची लांबी, म्हणजे सुमारे ७७५ मि.मी. एलिव्हेटर साइडिंगच्या टोकाला बफरला टेकवून ठेवला तर तिथे एका वेळी एकच डबा भरता येतो. तो साइडिंगच्या मध्यावर आणा. कोळसा भरण्याच्या बंकरलाही हाच नियम लागू.

कोळशाची वखार आणि तेलाचा डेपो वळणावरही चालतात. तेलाच्या टाक्या इतर इमारतींपासून लांब, गावाच्या कडेला ठेवा. टँकरसाठी फलाट लागत नाही, उभा पाइप आणि नळीची जोडणी पुरते. एखादी साइडिंग कशातच बसत नसेल तर तिचा टीम ट्रॅक करा: बाजूला ट्रक येईल एवढी मुरमाची जागा, हवं तर एखादा लाकडी उतार. इमारत शून्य. आणि त्यावर कुठलाही डबा, कुणाचाही माल येऊ शकतो. छोट्या लेआउटवर टीम ट्रॅकइतका कामाचा दुसरा धंदा नाही.

लेआउटच्या कडेपासून ६० सें.मी.पेक्षा आत कपलर सोडवायची जागा ठेवू नका आणि अशा जागेच्या पुढ्यात उंच इमारत तर मुळीच नको. कपलर सोडवायची बांबूची काडी घेऊन हात तिथपर्यंत पोचला पाहिजे.

पुठ्ठ्याची इमारत

इमारतीच्या किटचा (जोडायच्या सुट्या भागांच्या संचाचा) तळ पुठ्ठ्यावर आखा, खोकी बनवा, त्यांवर नावं लिहा आणि काही आठवडे त्या खोक्यांनाच कारखाने मानून गाड्या चालवा. हा टप्पा गाळून जो थेट गोंदाकडे जातो, त्याला सगळं पुन्हा उखडावं लागतं.

धक्का बसवणं

खरी कसोटी इथे आहे. मालधक्का किंवा कारखान्याचा फलाट रुळाच्या फार जवळ आला तर डबे घासतात, लांब गेला तर डबा आणि फलाट यांच्यात खिंड दिसते. ‘रुळापासून बोटभर अंतर ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो निरुपयोगी आहे. अंतर साइडिंगच्या दोन पट्ट्यांच्या मध्यरेषेपासून, मि.मी.मध्ये मोजायचं.

रूळ सरळ असेल तर हिशोब सोपा. त्या काळची बॉक्सकार जास्तीत जास्त १० फूट ८ इंच रुंद, म्हणजे एचओमध्ये सुमारे ३७.५ मि.मी. मध्यरेषेपासून अर्धी रुंदी १८.७ मि.मी. फलाटाची कड मध्यरेषेपासून २१ मि.मी.वर ठेवली की दोनेक मि.मी. फट उरते. खऱ्या धक्क्यावरही फट असतेच, ती लोखंडी पाटी टाकून भरून काढतात. तशी पाटी पातळ स्टायरीनची (प्लास्टिकच्या पत्र्याची) बनवून दारासमोर ठेवली तर फार छान दिसते. मात्र एकट्या डब्यावर विसंबू नका. वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर आणि डिझेल इंजिनाचे कठडेसुद्धा त्या रुळावरून जाणार आहेत. एनएमआरएचं (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचं) एचओ गेज, म्हणजे मापं तपासायची पट्टी, असेल तर ते रुळावर उभं धरून फलाटाच्या कडेने सरकवा.

वळणावर हा हिशोब मोडतो. डब्याचा मधला भाग वळणाच्या आत झुकतो आणि टोकं बाहेर जातात. ४५७ मि.मी. त्रिज्येच्या वळणावर ५० फुटी डब्याचा मध्य साधारण ५.६ मि.मी. आत सरकतो आणि टोकं ३ मि.मी. बाहेर येतात. फलाट वळणाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर टोकं घासू नयेत म्हणून कड ३ मि.मी. मागे घ्यावी लागते, आणि दार तर डब्याच्या मध्यावर, जे स्वतःच ५.६ मि.मी. दूर गेलेलं असतं. मूळची फट धरून दारासमोर दहा-अकरा मि.मी.ची पोकळी पडते. खऱ्या मापात ती जवळपास एक मीटर होते आणि तेवढ्या अंतरावरून कुणी माल उतरवत नाही. ६१० मि.मी. त्रिज्येवर मध्य ४.२ मि.मी. सरकतो, म्हणजे फार काही सुधारत नाही. वळणावर फलाट बांधूच नका. वळण कोळसा, तेल आणि टीम ट्रॅकला द्या, सरळ तुकडा फलाटवाल्यांसाठी राखून ठेवा. शिवाय वळणावर कपलर एका रेषेत येत नसल्याने डबे जोडणंही जिकिरीचं होतं.

आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. वळण संपलं म्हणून घासणं लगेच संपत नाही. डब्याची मागची बोगी (डब्याखालचा चाकांचा संच) अजून वळणावर किंवा पॉइंटवर असताना पुढचं टोक सरळ रुळावर आलेलं असतं आणि ते तिरकं असतं. म्हणून पॉइंट संपल्यावर निदान एक डबा लांबी सोडून फलाट सुरू करा. तेवढी जागा नसेल तर फलाटाचा पॉइंटकडचा कोपरा तिरका छाटा.

आकडेमोड नको असेल तर हे करा. २ मि.मी. जाडीचं पेन्सिलीचं शिसं घ्या आणि सर्वांत लांब डब्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरून चिकटपट्टीने उभं बसवा, एक मध्यावर आणि एकेक दोन्ही टोकांना. रुळाच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या अशा ठेवा की शिसं त्यांना टेकेल. डबा हाताने, अगदी हळू, पॉइंटपासून बफरपर्यंत न्या. पुठ्ठ्यावर उमटलेल्या रेषांपैकी सर्वांत बाहेरची ती तुमची हद्द. तिच्यापासून १ ते १.५ मि.मी. सोडून फलाटाची कड आखा आणि हाच पुठ्ठा कापून फलाटाचा साचा म्हणून वापरा.

आता उंची. बॉक्सकारचा तळ रुळाच्या माथ्यापासून सुमारे १३ मि.मी. वर असतो. फलाट त्याच्या बरोबरीने किंवा एखादा मि.मी. खाली हवा, वर कधीच नको. (भारतीय ब्रॉडगेजवर मालधक्क्याची उंची रुळापासून १०६५ मि.मी. धरतात, ती एचओमध्ये १२ मि.मी.च्या आसपास येते.) पण इमारत प्लायवुडवर बसते आणि रूळ ५ मि.मी. कॉर्कवर. स्लीपर आणि कोड १०० चा (०.१ इंच उंचीचा) रूळ धरून रुळाचा माथा प्लायपासून साडेनऊ ते दहा मि.मी. वर जातो. म्हणजे फलाटाचा माथा प्लायपासून २२ मि.मी.च्या जवळपास यायला हवा. किट थेट प्लायवर ठेवलं की ती अख्खी इमारत खड्ड्यात बसल्यासारखी दिसते. किटच्या फलाटाची उंची मोजा आणि जो फरक येईल तेवढ्या जाडीचा एमडीएफ किंवा फोमबोर्ड इमारतीखाली घाला.

किटच्या दारांमधलं अंतर आणि जोडलेल्या डब्यांच्या दारांमधलं अंतर जवळजवळ कधीच जुळत नाही. दारं हलवत बसू नका. इमारतीच्या पूर्ण लांबीचा सलग फलाट करा, डबा कुठेही थांबला तरी काम होतं.

जुनं काढणं, नवं बसवणं

साध्या पांढऱ्या फेविकॉलने बसवलेली खडी आणि गवत कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून भिजवा, अर्ध्या तासाने पातळ पट्टीने उचला. मरीन फेविकॉल पाण्याने सुटत नाही, तिथे कापावंच लागतं. दिव्यांच्या तारा आधी सोडवा. पॉइंटच्या पात्यांजवळ पाणी जाऊ देऊ नका.

नवी इमारत लेआउटला चिकटवू नका. ती तळाच्या पाटीवर बसवा, पाटी खालून दोन स्क्रूंनी धरा आणि तारांना प्लग लावा. पाटीची कड झाकणारं गवत आणि कुंपण पाटीलाच चिकटवा, जमिनीला नाही, म्हणजे पुढच्या वेळी सगळं एकत्र उचलता येईल.

शेवटी रुळावर पडलेली खडी व्हॅक्यूमने ओढून घ्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसा आणि सर्वांत लांब डबा व सर्वांत रुंद इंजिन प्रत्येक फलाटासमोरून दोन्ही दिशांनी न्या. डब्यांच्या कार्डांवर (कोणता डबा कुठे न्यायचा ते लिहिलेल्या कार्डांवर) पत्ते बदलताना नुसतं कारखान्याचं नाव लिहू नका, जागेचा क्रमांकही लिहा: एलिव्हेटर नळी, फर्निचर १, फर्निचर २, टीम ट्रॅक.