बेळगावात राहून कॉलेजचा गोल्फ कोच व्हायचं असेल तर

पोराच्या मागं उभं राहून स्विंग बघायचा आणि "डोकं वर काढू नको रे" म्हणत राहायचं, म्हणजे गोल्फ कोच, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते काम करणारे लोक वेगळे असतात, त्यांना तासावर पैसे मिळतात, आणि मिळू देत. कॉलेजच्या कोचला टीम बांधायची असते आणि गोल्फसारख्या एकेकट्यानं खेळायच्या खेळात टीम बांधणं म्हणजे नक्की काय करायचं, हे समजायलाच लोकांची दोन-तीन वर्षं जातात.

म्हणून आधी हिशोब समजून घ्या. कॉलेज गोल्फ सगळ्यात मोठ्ठं आहे ते अमेरिकेत, आणि तिथं साधारण पद्धत अशी की टीममधले पाचजण खेळतात, त्यातले चांगले चार स्कोअर धरतात. स्कोअर म्हणजे अठरा होलला लागलेले फटके, जितके कमी तितकं चांगलं. समजा तुमच्या पोरांनी 72, 74, 75, 79 आणि 88 मारले, तर 88 सोडून द्यायचा, टीमचा स्कोअर 300. आता बघा, 72 वाल्याला 69 वर आणायचं म्हणजे वर्षभराची मेहनत, पण 79 वाला बंकरमधनं, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातनं, एका फटक्यात बाहेर यायला शिकला आणि दोन होलवर उगाच शौर्य दाखवायचं थांबला की 76 वर येतो, टीमला तेवढाच फायदा. आणि 88 वाला बिनकामाचा समजू नका, कारण वरच्या चारातला एक जरी बाद झाला की त्याचाच स्कोअर मोजणार. माझं स्पष्ट मत आहे, कोच कसा आहे हे बघायचं असेल तर त्याच्या स्टारला बघू नका, चौथ्या-पाचव्याला बघा.

ह्याच्यावर कुणी म्हणेल की मोठा कोच व्हायला आधी स्वतः मोठा खेळाडू पाहिजे. तसं काय नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन युनिव्हर्सिटीचे कोच डेव्ह विल्यम्स, त्यांनी 1956 ते 1985 ह्या काळात 16 नॅशनल टायटल मिळवले, आणि मूळचा माणूस केमिकल इंजिनिअरिंगवाला! आमच्या व्हीटीयूच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या युनिव्हर्सिटीच्या, गावात हे सांगायलाच पाहिजे. आणि धीर किती लागतो तेपण बघा, तिथल्याच ड्यूक युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या टीमला डॅन ब्रुक्स 1984 ला कोच म्हणून आले, पहिलं टायटल 1999 ला आलं, मग 2019 पर्यंत एकूण सात. मधली पंधरा वर्षं काय केलं असेल त्या माणसानं, आणि कॉलेजनं पण ठेवलं की त्याला! आपल्याकडं दुसऱ्या वर्षीच मॅनेजमेंट विचारतं, "सर, कप कुठाय?"

बरं, आता इथली वाट. आपल्या भागात निव्वळ गोल्फ कोच म्हणून कॉलेज नोकरी देईल ह्या भ्रमात राहू नका, निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत कुठंच देणार नाही. तुम्ही आत शिरणार फिजिकल डायरेक्टर म्हणून, आणि गोल्फ त्याच्यासोबत करणार. त्यासाठी फिजिकल एज्युकेशनमधे मास्टर्स 55 टक्क्यांनी, मग नेट नाहीतर सेट, स्वतः इंटर-कॉलेज किंवा इंटर-युनिव्हर्सिटी खेळल्याचं सर्टिफिकेट, आणि फिटनेस टेस्ट. ती टेस्ट लोक हलक्यात घेतात. यूजीसीच्या 2018 च्या नियमाप्रमाणं तीस वर्षापर्यंतच्या पुरुषाला 12 मिनिटात 1800 मीटर, बायकांना 8 मिनिटात 1000 मीटर पळावं लागतं, आणि नेटचा अभ्यास करत दोन वर्षं खुर्चीत बसलेला माणूस तिथं आठव्या मिनिटाला कंबर धरून उभा राहतो. रोज सकाळी पळत जावा, एवढंच.

गोल्फचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. इंडियन गोल्फ युनियनची शिकवणारी शाखा म्हणजे नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया, त्यांचे कोचिंगचे कोर्स असतात, तो कागद हातात असला की प्रिन्सिपलसमोर बोलायला जोर येतो. पण कागदाआधी स्वतः खेळा. अठरा होल चालून, घाम गाळून, सोळाव्या होलला डोकं कसं फिरतं हे ज्यानं अनुभवलं नाही तो पोराला काय सांगणार? आणि गोल्फ कोर्सवरच्या जुन्या कॅडींशी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलणाऱ्यांशी, दोस्ती ठेवा. बेंगळुरूचे सी. मुनियप्पा कॅडी होते, 2009 ला इंडियन ओपन जिंकले. कॅडीला ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताचा, उतार तुमच्या कोचिंगच्या पुस्तकापेक्षा जास्त कळतो, त्यात कमीपणा काय नाही.

खेळायच्या गोल्फ कोर्सचं म्हणाल तर बेळगावला हाय की, हनुमाननगर-जाधवनगरच्या बाजूचा. 2022 च्या ऑगस्टमधे त्यात बिबट्या शिरला, आसपासच्या शाळा किती दिवस बंद, शोधायला हत्ती आणले, आणि अर्ध्या गावाला आपल्याकडं गोल्फ कोर्स आहे हे तेव्हाच कळालं. तिथं कॉलेजच्या पोरांना कुठल्या वारी, किती वाजता सोडणार हे तोंडी ठरवू नका, प्रिन्सिपलच्या सहीचं पत्र द्या आणि उत्तर लेखी घ्या, कारण माणूस बदलला की तोंडी परवानगी संपली.

रोज कोर्स मिळणार नाही, आणि मिळायची गरजपण नाही. पार-72 च्या, म्हणजे चांगल्या खेळाडूला 72 फटके लागावेत अशा, कोर्सवर हिशोबच असा धरलेला असतो की 36 फटके पटरचे, म्हणजे होलकडं बॉल सरकवायच्या क्लबचे, म्हणजे निम्मे! मग निम्मा खेळ कॉलेजच्या पॅसेजमधे सतरंजी टाकून होतो की. तीन, सहा आणि नऊ फुटावर खडूनं रेघ मारा, पोरानं बॉल रेघेच्या पुढं जाऊ द्यायचा पण एक हातभरापेक्षा जास्त नाही, तिन्ही रेघा ओळीनं झाल्याशिवाय घरी सोडायचं नाही, एक चुकलं की परत तीनपासून. पहिल्या आठवड्यात पोरं शिव्या देतात. चिपिंगला, म्हणजे जवळनं बॉल उचलून टाकायला, मैदानावर बांबूची बुट्टी ठेवा, वीस पावलावरनं वेजनं (बॉल उंच उचलणाऱ्या क्लबनं) बॉल थेट बुट्टीत नको, बुट्टीच्या अलीकडं पहिला टप्पा कुठं पडला ते बघायचं, कारण टप्पा जागेवर पडायला लागला की बाकीचं बॉल आपलं आपण करतो. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, पावसाळाभर कपाटात. जून ते सप्टेंबर आमच्याकडं मैदानाची जी अवस्था असते त्यात लांब मारलेला बॉल चिखलात रुततो आणि शोधायलाच तास जातो. ते दिवस नियम शिकवायला वापरा, चौदाच्या वर क्लब बॅगेत चालत नाहीत, हरवलेला बॉल शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं, आधी पाच होती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्कोअरकार्ड. एखाद्या होलला पाच मारून चार लिहिलं आणि खाली सही करून कार्ड दिलं की पोरगा बाद. म्हणून प्रॅक्टिसलासुद्धा कार्ड एकमेकाचं लिहायला लावा, प्रत्येक होलचा आकडा मोठ्यानं वाचून मगच सही, सवय लागेपर्यंत.

पोरं कुठनं आणायची? क्रिकेटवाली आपण होऊन येतात, ताकद असते, पण बॉल दिसला की आडवा हाणायची सवय जाता जात नाही. मला विचाराल तर हॉकीवाली बघा. बेळगावला हॉकीची परंपरा आहेच, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकचं गोल्ड मिळवलेले बंडू पाटील इथलेच, आणि हॉकीच्या पोराला डावा हात वर ठेवून जमिनीवरचा बॉल मारायची सवय आधीच असते. तरी हातापेक्षा स्वभाव आधी बघा. ट्रायलला मुद्दाम एक वाईट होल होऊ द्या आणि पुढच्या होलच्या सुरुवातीला पोरगा काय करतो ते बघा, क्लब आपटणारा आज चांगला मारत असला तरी पाच तास चालणाऱ्या खेळात तो तुम्हाला रडवणार.

मग येतात घरचे. चंदगडकडनं किंवा येळ्ळूर-कडोलीकडनं आलेल्या पोराचा बाप कॉलेजला येऊन विचारणारच, "सर ओ, हे श्रीमंतांचं खेळ, आमच्या पोराला कशाला लावूलालाय?" इथं भाषण ठोकू नका. सेट विकत घ्यायला लावू नका, सुरुवातीला पटर, एक वेज आणि सात नंबरचं आयर्न एवढं सेकंडहँड कॉलेजच्या स्पोर्ट्स फंडातनं आणा आणि कॉलेजातच ठेवा. बापाला सांगा, आठवड्यात किती तास, परीक्षेत किती दिवस सुट्टी, बेंगळुरूला नेलं तर खर्च कोण करणार. खर्चाचं उत्तर आधी दिलं की निम्मा वाद तिथंच मिटतो. आदिती अशोक टोकियो ऑलिंपिकला चौथी आली, ती कर्नाटकचीच, हे आईला सांगा, बापापेक्षा आई लवकर ऐकते असा माझा अनुभव आहे.

कागदाचं काम रटाळ, पण कोचची अब्रू तिथंच जाते. इंटर-युनिव्हर्सिटीच्या खेळांत गोल्फ आहे, पण तुमच्या युनिव्हर्सिटीनं टीम पाठवायची तयारी दाखवली पाहिजे, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच स्पोर्ट्स विभागाला पत्र टाका, आणि पत्र कन्नडमधे नाहीतर इंग्लिशमधे, मराठीत दिलं तर टेबलावर पडून राहील, भांडायचं असेल तर दुसऱ्या व्यासपीठावर भांडा, पोराची एन्ट्री अडकवू नका. पंचवीसच्या आत वय, बारावीचं मार्क्सकार्ड, बोनाफाईड, फोटो, ह्याच्या तीन-तीन झेरॉक्स प्रत्येक पोराच्या नावाच्या फाईलमधे. टीए-डीएच्या पावत्या रोजच्या रोज लिहा. आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड द्यायच्या तपासणीच्या, वेळी ह्याच फाईली तुम्हाला तारून नेतात, प्रिन्सिपल स्वतः चहा पाजतात.

काही जणांची नजर अमेरिकेवर असते, चांगलंय. तिथं डायरेक्ट हेड कोच कोण करत नाही, मास्टर्सला ॲडमिशन घेऊन त्याच कॉलेजच्या टीमला ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून चिकटायचं, बॅगा उचलायच्या, व्हॅन चालवायची, मग असिस्टंट, मग कुठंतरी छोट्या कॉलेजला हेड. नियमांचं जंगल आहे तिथं. सीझनमधे पोरांकडनं आठवड्याला 20 तासापेक्षा जास्त घ्यायचं नाही, दिवसाला चार, आणि डिव्हिजन वनमधे, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांत, शाळेतल्या पोराशी भरतीचं बोलणं दहावी संपल्यावरच्या 15 जूनच्या आधी करायचं नाही. 2025 पासून खेळाडूंना थेट पैसे द्यायच्या नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली, त्याऐवजी टीममधे जास्तीत जास्त नऊजण, म्हणजे मुलं निवडताना चुकायला जागा आणखीनच कमी. छोट्या डिव्हिजनला नाक मुरडू नका, आपला जीव मिल्खा सिंग ॲबिलीन ख्रिश्चनला डिव्हिजन टू खेळला आणि 1993 ला तिथला चॅम्पियन झाला.

तिकडच्या कोचला मेल पाठवताना "मला गोल्फची फार आवड आहे" हे वाक्य पहिल्यांदा खोडा, सगळेच लिहितात. तुमच्या टीमचा एक तक्ता लावा, वर्षाच्या सुरुवातीला चौथ्या आणि पाचव्या पोराचा सरासरी स्कोअर काय होता, वर्षाअखेर काय झाला आणि मधे तुम्ही नक्की काय करवून घेतलं, एका पानात. आकडे चांगले नसले तरी खरे लावा, तो माणूस फोनवर पहिला प्रश्न त्याच्यावरनंच विचारणार.