नवीन कॅमेऱ्यावर फ्लेमिंगो काढायचेत? आधी तिथी बघा

नवीन कॅमेरा आला की सगळे विचारतात लेन्स कुठली घेऊ, पण नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या फ्लेमिंगोंसाठी लेन्सच्या आधी बघायची ती भरतीची वेळ. ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो, पक्षी तिकडे लांब चरत असतात आणि मग कितीही मोठी लेन्स लावा, गुलाबी ठिपकेच मिळणार. पाणी चढून चिखल बुडाला की तेच थवे टीएस चाणक्य (जहाजावरच्या प्रशिक्षणाची संस्था) जवळची पाणथळ, एनआरआय कॉम्प्लेक्स या वसाहतीच्या मागची पाणथळ, डीपीएस शाळेजवळचा तलाव इकडे येऊन बसतात. डीपीएसला मध्यंतरी भरतीचं पाणीच आत येत नव्हतं तेव्हा पक्षीही फिरकले नव्हते, त्यामुळे तिथे जाताना आधी कुणाला तरी विचारून घ्या.

आता अडचण अशी की अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी भरपूर चढतं, पण आपल्याकडे त्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ऊन बरोब्बर डोक्यावर. अष्टमीच्या सुमाराला ती सकाळी लवकर असते पण ते भांगाचं पाणी, त्याला जोर नाही. म्हणून मी एकादशी ते त्रयोदशी पकडते, तेव्हा भरती साधारण नऊ-दहाला असते, नक्की वेळ मोबाईलवर बघायची आणि तासदीड तास आधी पोचायचं. थंडीपासून मेपर्यंत कधीही. ठाण्याहून पनवेल लोकल पकडून सीवूड्सला उतरा, पुढे रिक्षा. टीएस चाणक्यला पाम बीच रोडच्या बाजूला उभं राहिलं की सकाळचं ऊन पाठीवर येतं, पक्ष्यांच्या अंगावर पडतं.

कॅमेऱ्यात ऑटो मोड सोडा, शटर प्रायॉरिटीवर जा, म्हणजे शटरचा वेग तुम्ही ठरवायचा, बाकी कॅमेरा बघतो. चरणाऱ्या पक्ष्याला १/८०० सेकंद पुरे, उडणाऱ्याला १/२००० ठेवा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ३२०० किंवा ६४००, थोडा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, आला तर येऊ दे, हललेला फोटो मात्र काही केल्या सुधारत नाही. फोकस कंटिन्युअस (हलत्या पक्ष्यामागे फिरणारा), बर्स्ट (एकापाठोपाठ फोटो) चालू, आणि रॉमध्ये, म्हणजे नंतर सुधारता येणाऱ्या कच्च्या फाईलमध्ये काढा. सायलेंट शटर नवीन माणसाला फार आवडतं पण बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याने उडणाऱ्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात, मेकॅनिकलच ठेवा. किटबरोबर आलेली ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीची झूम लेन्स असेल तर सुरुवातीला तेवढीच बास, उगाच कर्ज काढू नका.

मोठ्या जातीचे फ्लेमिंगो जवळजवळ पांढरे असतात, उन्हात फोटोत त्यांची पाठ सरळ पांढरीफट्ट होते, पिसं दिसतच नाहीत, तेव्हा एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). उलट आकाशात उडणारा पाणकावळा काढताना तेवढंच वाढवा, नाहीतर काळा कागद कापून चिकटवल्यासारखा येईल.

उडतानाचा फोटो हवा तर मानांकडे लक्ष ठेवा. चोच उलटी करून चरणारे एकदम माना ताठ करतात, सगळे एकाच दिशेने चालायला लागतात, मग पाण्यावरून पाच-सहा पावलं धावतात आणि वर. मान वर झाली की बोट शटरवर हवं. पंखांतला लालभडक आणि काळा रंग बसलेल्या पक्ष्यात दिसतच नाही, उडाला की दिसतो, आणि त्याच मोहापायी काही जण दगड मारून थवा उठवतात, ते लय वाईट. लांबून आलेल्या पाखरांना खाऊ तरी द्या की शांतपणे.

दहानंतर लांबचे पक्षी मऊ मऊ, धूसर यायला लागले तर कॅमेऱ्याला शिव्या देऊ नका, पाण्यावरची तापलेली हवा थरथरत असते, तेव्हा जवळचे शेकाटे, बगळे काढा.

हव्या त्या तिथीच्या भरतीला आठवडा आहे आणि हात शिवशिवतायत तर घरची कबुतरजाळी आहेच. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाशाचं भोक) पूर्ण उघडा, समोरच्या झाडावरच्या कावळ्यावर फोकस करा, जाळी गायब होते. फक्त लेन्ससमोरच्या जाळीवर ऊन पडत नसावं, नाहीतर सगळा फोटो धुरकट येतो. बर्ड पार्कमध्ये पिंजऱ्याबाहेरून काढतानाही हेच करायचं.