रंगवलेले रोप ओळखावे कसे, जगवावे कसे

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून छोटी रोपे लुटण्याचा विचार वडोदऱ्याच्या दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या घरात चालला असेल, तर निळ्या, जांभळ्या किंवा चमकी लावलेल्या रसाळ (सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या) रोपांची रांग पाहून लगेच भाव ठरवू नये; आधी प्रत्येक रोपाचा मधला कोंब पाहावा. बाहेरची पाने गडद निळी आणि गाभ्यातून निघालेले कोवळे पान हिरवे असेल, तर तो रंग वरून फवारलेला आहे. पानांच्या बेचक्यांत साचलेला जाड थर, मातीवर आणि कुंडीच्या काठावर उडालेले ठिपके याही पक्क्या खुणा आहेत.

निवडुंगाच्या शेंड्यावरचे फूल मात्र जाणत्यालाही चकवते. ते बहुधा वाळवलेले खरे कागदीफूल (स्ट्रॉफ्लॉवर) असून गरम गोंदाने चिकटवलेले असते, पण त्याच्या पाकळ्या दमट हवेत मिटतात आणि कोरड्या हवेत उघडतात, त्यामुळे ते जिवंत वाटते. फुलाच्या बुडाशी गोंदाचा पारदर्शक थेंब दिसतो का, एवढे पाहावे. निळ्या ऑर्किडच्या दांड्यात रंग सोडलेला असतो आणि पुढचा बहर पांढरा येतो.

प्रत्येक भडक रंग खोटा नसतो. हिरव्या खोडावर कलम केलेला लाल किंवा पिवळा गोल निवडुंग खराच त्या रंगाचा असतो; त्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तो खालच्या हिरव्या निवडुंगाच्या आधारानेच जगतो. क्रोटन आणि कोलियसचे रंगही त्यांचे स्वतःचेच असतात.

रंगाचा थर पानावर पडणारा उजेड अडवतो आणि पर्णरंध्रे बुजवतो. रसाळ रोपे आपली रंध्रे मुख्यतः रात्री उघडून हवा घेतात. ती बुजली की रोपाची अक्षरशः उपासमार होते, आणि सजावटीसाठी जिवंत रोपावर हे लादणे मला अन्यायाचे वाटते.

असे रोप घरी आलेच, तर थिनर किंवा स्पिरिटने रंग काढू नये, कारण त्याबरोबर पानावरचे मेणासारखे आवरणही जाते. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ ब्रशने हलकेच पुसून जेवढा निघेल तेवढाच काढावा आणि गाभ्यात साचलेले पाणी टिपून घ्यावे. रंगीत पाने एकदम छाटू नयेत, कारण रोपाचा पाण्याचा साठा त्यांतच असतो. नवी हिरवी पाने वाढली की खालची सुकलेली पाने एकेक काढावीत. चिकटवलेले फूल ओढल्यास निवडुंगाची साल फाटते, म्हणून ते कात्रीने कापून गोंद तसाच राहू द्यावा. कुंडी भरपूर उजेडात, पण दुपारच्या उन्हापासून दूर ठेवावी, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा वडोदऱ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळ्यात ती छपराखाली घ्यावी आणि माती आतपर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये.