पुल आउट ऑल द स्टॉप्स: यात थांबायचं काहीच नाहीये

"दे पुल्ड आउट ऑल द स्टॉप्स फॉर द वेडिंग" हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं लग्न मोडलं. पुल आउट म्हणजे माघार, स्टॉप म्हणजे थांबवलं, झालं! अर्थ निघाला बरोब्बर उलटा, लग्नात कुठेच हात राखला नव्हता.

तर आधी हा स्टॉप कुठला ते बघा, मग अर्थ पाठ करावा लागत नाही. चर्चमधला तो मोठा पाइप ऑर्गन असतो ना, त्यात पाइपांचे वेगवेगळे संच असतात आणि वाजवणाऱ्याच्या हाताशी प्रत्येक संचाची एक खुंटी, तिला म्हणतात स्टॉप. खुंटी आत असली की त्या संचाला हवा नाही, तो गप्प, बाहेर ओढली की बोलायला लागतो (पेटीचे स्टॉपर ओढलेत कधी? साधारण तसंच). सगळ्या खुंट्या ओढल्या की ऑर्गन पूर्ण ताकदीने घुमतो. १८६५ मध्ये मॅथ्यू अर्नोल्ड या इंग्रज कवी-समीक्षकाने इंग्रज माणसालाच ऑर्गनची उपमा देऊन त्याचे आणखी थोडे स्टॉप ओढायची गोष्ट केली होती, म्हणजे तेव्हा 'ऑल' नव्हते, 'थोडेच' होते.

मराठीत जिवाचं रान करणं जवळचं आहे पण त्यात एकट्याची दमछाक जास्त दिसते, इथे माणसं, पैसा, वेळ, ओळखी जे असेल ते सगळं लावलं असा भाव असतो, म्हणून मला 'हात न राखता' जास्त बरोबर वाटतं.

वापरायचं कधी, तर एखादं मोठं, ठरावीक काम असेल तेव्हा. "द टीम पुल्ड आउट ऑल द स्टॉप्स टु फिनिश ऑन टाइम" मस्त. रोज सकाळी लवकर उठता त्याला हे लावू नका, हसतील. स्टॉप्स अनेकवचनीच ठेवा, 'ऑल द' गाळू नका, नाहीतर नुसतं पुल आउट उरतं आणि समोरच्याला खरंच वाटतं की तुम्ही अंग काढून घेतलंत.

दुसऱ्याच्या कौतुकात हे छान वाटतं. पण क्लायंटला मेलमध्ये "वुई विल पुल आउट ऑल द स्टॉप्स" लिहिताना जरा दमानं, तो रविवारीसुद्धा फोन करेल, नुसता प्रयत्नच करणार असाल तर "वुई विल डू अवर बेस्ट" पुरतं.